गाडीचे इंजिन बदलण्याआधी त्याचे आकडे कसे वाचावेत

“इंजिन गेले आहे, दुसरे टाकावे लागेल,” असे मिस्त्रीने सांगितले की गाडीमालकाच्या तोंडून पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा बहुधा असा असतो की, टाकायचेच आहे तर थोडे जास्त ताकदीचे इंजिन बसेल का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी विचारायचे काही प्रश्न मागे राहून जातात. जुने इंजिन नेमके कशाने गेले? आपली गाडी बहुतेक वेळ किती वेगाने आणि किती आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) चालते? समोर ठेवलेल्या इंजिनात आज किती दम शिल्लक आहे? या प्रश्नांची उत्तरे काढायची तर सीसी, टॉर्क, पॉवर आणि कॉम्प्रेशन या शब्दांचा खरा अर्थ माहीत असावा लागतो. माझे स्पष्ट मत असे आहे की माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला कमाल पॉवरचा आकडा हा बदली इंजिन निवडताना सर्वांत कमी कामाचा असतो. असे का, ते पुढे येईलच.

सीसी म्हणजे हवेचे माप

इंजिन हवा आत ओढते, ती दाबते, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळते आणि जळालेला वायू बाहेर ढकलते. या चार क्रियांसाठी पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, म्हणजे क्रँकशाफ्टचे (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे होतात आणि त्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन एकदाच पेटते. पिस्टन एका खेपेत जेवढी जागा मोकळी करतो तेवढे त्या सिलिंडरचे घनफळ. मारुतीच्या स्विफ्टमध्ये अनेक वर्षे आलेल्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ७३ मिलिमीटर आहे आणि पिस्टनची खेप, म्हणजे स्ट्रोक, ७१.५ मिलिमीटर आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला खेपेने गुणले की एका सिलिंडरचे साधारण २९९ घन सेंटिमीटर येतात आणि चार सिलिंडरचे ११९७. आरसीवर लिहिलेले सीसी ते हेच.

हे इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल, तर कागदावरच्या हिशेबाने ते मिनिटाला सुमारे १८०० लिटर हवा ओढते. इंधन टाकीत हवे तेवढे असते आणि इंजेक्टर ते हवे तेवढे फवारू शकतो, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून इंजिनाच्या ताकदीची मर्यादा इंधन ठरवत नाही, आत शिरणारी हवा ठरवते. मोठे सीसी, जास्त व्हॉल्व्ह (म्हणजे झडपा), टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) हे सगळे जास्त हवा आत घेण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत.

नागपूरकरांनी येथे थोडे थांबावे, कारण हवेचे वजन सगळीकडे सारखे नसते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. गरम हवा विरळ होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली, तर मे महिन्यातल्या नागपूरच्या भर दुपारच्या हवेत प्रत्येक लिटरमागे साधारण १२ ते १३ टक्के कमी वजनाची हवा असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते आणि त्यात एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा वेगळा घेतो. उन्हाळ्यात “गाडीला पिकअप राहिला नाही” अशी जी तक्रार घेऊन लोक गॅरेजमध्ये जातात, तिच्यातला काही भाग निव्वळ हवेचा असतो. म्हणून जुने इंजिन मेमध्ये चालवून आणि नवे डिसेंबरमध्ये चालवून त्यांची तुलना करू नये. थंडीत कोणतेही इंजिन चांगलेच वाटते.

टॉर्क आणि पॉवर यांतला फरक

चाकाचा नट आवळताना पाना हातात धरून जो पीळ आपण देतो, तो टॉर्क. ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २५ किलोचा भार दिला, तर नटावर सुमारे ९८ न्यूटन मीटर टॉर्क पडतो. लहान गाड्यांच्या चाकांचे नट साधारण एवढ्याच जोराने आवळायचे असतात. आता वर सांगितलेल्या १.२ लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क पाहा: सुमारे ११४ न्यूटन मीटर. म्हणजे पूर्ण जोर लावलेले इंजिन जो पीळ देते, तो धडधाकट माणूस पान्यावर देतो त्याहून फारसा जास्त नाही. मग एवढी गाडी ते ओढते कसे? माणूस तो पीळ एकदा देऊन थांबतो. इंजिन तोच पीळ मिनिटाला चार हजार फेऱ्यांत सलग देत राहते. पीळ किती, हे टॉर्क सांगतो. तो पीळ किती वेगाने दिला जातो, हे पॉवर सांगते.

दोहोंमधला संबंध साध्या गुणाकाराचा आहे. न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅटमधली पॉवर. पीएस हे अश्वशक्तीचे एकक; एक पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॅट, बीएचपी त्याहून किंचित मोठे एकक आहे, पण फरक दीड टक्क्याच्या आत असल्याने त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. हे एक सूत्र हाताशी असले की माहितीपत्रकातले बरेच काही आपोआप उलगडते.

याच १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची पॉवर सुमारे ८५ पीएस सांगितली जाते, परंतु ती ६००० आरपीएमवर. त्याच गाडीत पर्याय म्हणून फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन येत असे. त्याची कमाल पॉवर ७५ पीएस, म्हणजे पेट्रोलपेक्षा दहाने कमी. केवळ हा आकडा पाहणाऱ्याला पेट्रोल जास्त दमदार वाटेल. पण डिझेलचा टॉर्क २००० आरपीएमवर १९० न्यूटन मीटर आहे. सूत्रात घालून पाहा: २००० आरपीएमवर डिझेल सुमारे ५४ पीएस देते, तर पेट्रोलचा त्याच आरपीएमवरचा टॉर्क १०० न्यूटन मीटर धरला, तरी त्याच्याकडून २८ पीएसच मिळतात. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवरून सुटणारी किंवा चार माणसे आणि सामान घेऊन उड्डाणपुलावर चढणारी गाडी बहुधा २००० च्या आसपासच असते. ६००० वर तर आपण वर्षातून कितीदा जातो? टर्बोची हवा ज्या आरपीएमला पूर्ण मिळू लागते, तेथून पुढे डिझेल अंगात आल्यासारखे ओढते. त्याच्या खाली मात्र तेच डिझेल सुस्त वाटते, हेही लक्षात ठेवावे.

मग गाडीला प्रत्यक्षात ताकद लागते तरी किती? अकराशे किलो वजनाची, साधारण बांध्याची छोटी गाडी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवायची असेल, तर हवेचा अडथळा आणि टायरचे घर्षण मिळून अंदाजे हिशेब असा येतो: ताशी ४० किलोमीटरला तीन पीएसच्या आत, ८० ला दहाच्या आसपास आणि १२० ला सुमारे २५ पीएस. हवेचा अडथळा तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, म्हणून वेग ८० चा १२० झाला की तेवढा भाग जवळपास साडेतीन पट होतो. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा गाठून चालणाऱ्या गाडीला शहरातल्या गाडीच्या आठ-दहा पट पॉवर सतत द्यावी लागते, ती याचमुळे. चिखलदऱ्याच्या घाटाचा हिशेब वेगळा आहे: भरलेली चौदाशे किलोची गाडी ८ टक्के चढावर ताशी ४० ने चढवायला साधारण वीस पीएस लागतात, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमवर मिळावे लागतात.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. मानेवाडा ते सीताबर्डी आणि परत एवढीच धाव असणाऱ्या गाडीला ८५ पीएसमधले बहुतेक पीएस कधीच वापरावे लागत नाहीत. तिला खालच्या आरपीएमवरचा भरीव टॉर्क हवा. रोज बुटीबोरी एमआयडीसीला जाणाऱ्या किंवा दर आठवड्याला समृद्धीवरून जाणाऱ्या गाडीला तासन् तास भार सोसणारे इंजिन, चांगले कूलिंग आणि योग्य गिअरिंग हवे. दोघांनाही मोठ्या इंजिनाचा मोह टाळता येईल, कारण त्यांच्या अडचणीचे मूळ इंजिनाच्या आकारात बहुधा नसते.

कॉम्प्रेशन: इंजिनाची खरी प्रकृती

वरचे सगळे आकडे नव्या, निरोगी इंजिनाचे आहेत. आपण जे इंजिन विकत घेणार आहोत ते बहुधा वापरलेले असते, आणि वापरलेल्या इंजिनाची प्रकृती सांगणारी गोष्ट म्हणजे त्याचे कॉम्प्रेशन. आत घेतलेली हवा जितकी घट्ट दाबली जाते, तितके त्याच इंधनातून जास्त काम निघते. पेट्रोल इंजिनात हवा साधारण ९ ते १२ पट दाबली जाते. डिझेलमध्ये ती १५ ते १८ पट दाबली जाते, आणि म्हणूनच स्पार्क प्लगशिवाय, निव्वळ दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. पिस्टनभोवतीच्या, फट बंद ठेवणाऱ्या रिंगा झिजल्या, बोअर लांबट झाला, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले किंवा हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटले, की दाबलेली हवा निसटते. मग सीसी तेवढेच राहते, पण टॉर्क आणि ॲव्हरेज दोन्ही जातात.

हे मोजण्याची तपासणी अगदी साधी आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत करून घेता येते. इंजिन गरम करून बंद करतात, सगळे स्पार्क प्लग काढतात, इंधन आणि इग्निशन तोडतात, प्लगच्या एका भोकात गेज घट्ट बसवतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर काही सेकंद फिरवतात. बॅटरी पूर्ण चार्ज असणे आवश्यक आहे. स्टार्टर रेंगाळला तर चांगले इंजिनही वाईट आकडे दाखवते. समजा, चार सिलिंडरचे आकडे १६५, १६०, ११० आणि १६३ पीएसआय (दाबाचे एकक) आले. निरोगी पेट्रोल इंजिनात दाब साधारण १५० ते १९० पीएसआयच्या दरम्यान असतो आणि सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त नसावा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. येथे तिसरा सिलिंडर उघड उघड आजारी आहे. आता त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. आकडा ११० वरून १४५ वर चढला, तर ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या, म्हणजे दोष रिंग आणि बोअरचा. आकडा जवळपास तेथेच राहिला, तर हवा वरून, म्हणजे व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून जाते आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील, तर त्या दोघांच्या मधल्या भागात हेड गॅस्केट जळाल्याची शक्यता मोठी असते.

या फरकाची किंमत मोठी आहे. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट असेल, तर हेड उतरवून काम होते आणि खालचे इंजिन तसेच राहते. रिंग-बोअर असेल, तर पूर्ण इंजिन उतरवावे लागते. माझ्या मते, ज्या गॅरेजात कॉम्प्रेशन न मोजता “इंजिन टाका” असे सांगितले जाते, तेथे इंजिन उघडायला देऊ नये. शिवाय इंजिन गेल्यासारखी लक्षणे इतरही कारणांनी दिसतात: धूर शुद्ध करणारा पण तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ठिणगी चुकवणारी कॉइल, गळका इंजेक्टर, घसरणारी क्लच प्लेट, टर्बोच्या फाटलेल्या नळीतून निसटणारी हवा. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, आणि कित्येकदा दोष इंजिनावर येतो. धुराचा रंगही बोलतो: निळसर धूर ऑइल जळल्याचा, काळा धूर हवा कमी आणि इंधन जास्त झाल्याचा, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये शिरल्याचा.

जुने इंजिन कशाने गेले, हे सोडून पुढे जाऊ नये

नवे इंजिन त्याच जुन्या रेडिएटरला, त्याच पंख्याला आणि त्याच नळ्यांना जोडले जाते. पहिले इंजिन ज्या कारणाने गेले ते कारण तसेच राहिले, तर दुसरेही त्याच वाटेने जाते. आपल्या भागात ते कारण बहुतेक वेळा उष्णता असते. विदर्भातल्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार भरपूर. असे पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले की आतल्या बारीक नळ्यांवर क्षाराचा थर साचतो आणि पाणी फिरले तरी उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट योग्य प्रमाणात, क्षारमुक्त पाण्यात मिसळून वापरणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

“गाडी गरम होते” म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी सवय उन्हाळ्यात सर्रास दिसते, ती मात्र मला अत्यंत चुकीची वाटते. थर्मोस्टॅट इंजिनाला ठरावीक तापमानावर, साधारण ८५ ते ९५ अंशांवर ठेवतो. तो काढला की हिवाळ्यातल्या सकाळी इंजिन तापायलाच तयार होत नाही, कंप्युटर त्याला थंड समजून जास्त इंधन देत राहतो, ते इंधन बोअरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगा लवकर झिजतात. गरम होण्याचे खरे कारण तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा झिजलेला वॉटर पंप असते, आणि ते कारण तेथेच राहते.

दुसरे मोठे कारण पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत इतका पाऊस झाला की अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. अशा पाण्यात गाडी चालू करण्याचा प्रयत्न झाला किंवा चालत्या गाडीच्या एअर फिल्टरमधून पाणी आत गेले, तर पिस्टन वर येताना ते दाबण्याचा प्रयत्न करतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; मग कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटून ब्लॉकला भोक पाडतो. अशा गाड्यांची इंजिने पुढे जुन्या मालाच्या बाजारात येतात आणि वरून धुतली, पुसली, रंगवली की ओळखू येत नाहीत. किंचित वाकलेला रॉड असला तरी इंजिन सुरू होते, पण त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी दिसते आणि काही महिन्यांत बेअरिंग आवाज करू लागते. वापरलेले इंजिन घेताना म्हणूनच ऑइलचे झाकण उघडून खाली दह्यासारखा पिवळसर थर आहे का ते पाहावे, क्लचच्या घराच्या आत वाळलेला गाळ किंवा गंज आहे का ते टॉर्च मारून पाहावे, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन पूर्ण दोन फेरे हाताने फिरवून बघावे. कोठेही अडखळले, तर ते इंजिन सोडून द्यावे.

हाफ, फुल की आपलेच बांधून घ्यायचे?

बाजारात हाफ इंजिन म्हणजे बहुधा ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन एवढा खालचा भाग. हेड आपले जुनेच बसते. फुल इंजिनात हेडही असते, पण टर्बो, इंजेक्टर, सेन्सर, अल्टरनेटर यांपैकी काय येणार हे विकणाऱ्यावर असते, त्यामुळे ते कागदावर लिहूनच घ्यावे. तिसरा पर्याय म्हणजे आपलेच इंजिन बांधून घेणे. बोअरिंगवाला बोअर पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा करतो आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन बसतात. यामुळे गाडी “जास्त सीसीची” होते असा समज आहे, तो हिशेबात टिकत नाही: ७३ मिलिमीटरचा बोअर ७३.५ केला, तर ११९७ चे सुमारे १२१४ सीसी होतात. फायदा त्या सतरा सीसींत नसतो, रिंग आणि बोअर यांच्यामध्ये पुन्हा बसलेल्या घट्टपणात असतो.

आपले इंजिन कोणत्या स्थितीत गेले आणि त्याचा इतिहास काय, हे आपल्याला ठाऊक असते; परक्या इंजिनाचे ते ठाऊक नसते. ब्लॉकला तडा गेला नसेल आणि क्रँक पॉलिश होण्याजोगा असेल, तर चांगल्या कारागिराकडून आपलेच इंजिन बांधून घेणे मला बहुतेक वेळा पसंत पडते. त्यात वेळ जास्त जातो, हे खरे आहे.

दुसरे इंजिन घ्यायचेच ठरले, तर ते त्याच मॉडेलचे आणि शक्य तर त्याच वर्षाच्या आसपासचे असावे. “तेच इंजिन आहे” या शब्दांवर विसंबू नये. वर उल्लेखलेले फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल स्विफ्टमध्ये आले, इंडिका व्हिस्टात आले, पुंटोत आले. काही गाड्यांत ते ७५ पीएसचे होते, तर काहींत बदलत्या भूमितीच्या टर्बोसह ९० पीएसचे. ब्लॉक तोच, पण टर्बो, इंजेक्टर, माउंटिंग, वायरिंग आणि कंप्युटरचे प्रोग्रॅमिंग वेगळे. कॉमन रेल डिझेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्चदाबाच्या नळीतून इंधन पुरवणाऱ्या डिझेलच्या) प्रत्येक इंजेक्टरवर कोड छापलेला असतो आणि इंजेक्टर बदलले की ते कोड कंप्युटरला द्यावे लागतात, नाही तर इंजिन खडखडते आणि धूर सोडते. चावीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) कंप्युटर जुळलेला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा आपलाच कंप्युटर आणि आपलेच वायरिंग ठेवणे सोयीचे पडते. शिवाय गाडी धुराच्या प्रदूषणाच्या ज्या निकषांची आहे, म्हणजे बीएस ४ किंवा १ एप्रिल २०२० पासूनचे बीएस ६, त्याहून जुन्या निकषांचे इंजिन तीत घालता कामा नये.

इंधनाबद्दल एकच गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलहून जवळपास एक-तृतीयांशाने कमी असल्याने ॲव्हरेज थोडे उतरणे स्वाभाविक आहे, तो इंजिनाचा दोष नव्हे. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या इंजिनाच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बदलीच्या वेळीच नवे घालून घ्यावेत.

कागदपत्रे आणि पहिले हजार किलोमीटर

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला देऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. म्हणून एमएच ३१, ४० किंवा ४९ यांपैकी ज्या आरटीओची गाडी असेल, तेथे काम सुरू करण्याआधीच परवानगीची विचारणा करावी. परवानगी नसलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोठे इंजिन टाकण्याचा विचार करणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावे. विमा कंपनीलाही नवा क्रमांक लेखी कळवावा, कारण दाव्याच्या वेळी तो जुळला नाही तर अडचण येते. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती घ्यावी.

वापरलेल्या इंजिनासोबत पक्के बिल, ते ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रीतसर मोडीत निघाल्याचा कागद मागावा. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या, तर इंजिन चोरीचे असण्याची शक्यता असते आणि ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. गाडी त्या टप्प्याच्या जवळ असेल, तर इंजिनाचा पूर्ण खर्च आणि गाडीची आजची बाजारातली किंमत शेजारी शेजारी लिहून पाहावी. खर्च निम्म्याच्या वर जात असेल, तर मी स्वतः ती गाडी विकण्याचा विचार आधी करीन.

इंजिन बसवताना क्लच प्लेट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, इंजिनाचे माउंटिंग आणि मागचे ऑइल सील एकाच वेळी बदलावेत, कारण यांपैकी बऱ्याच वस्तूंपर्यंत पोहोचायला नंतर पुन्हा तेवढीच मजुरी लागते. टायमिंग बेल्टचे इंजिन असेल तर बेल्टही नवा हवा. चेनचे असेल तर चेनचा ताण आणि गाइड तपासून घ्यावेत. बांधलेल्या इंजिनाच्या नव्या रिंगा बोअरच्या भिंतीवर बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नये, उंच आरपीएमवर नेऊ नये आणि मोठ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटूही नये. समृद्धीवरचा प्रवास त्यानंतर करावा. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलताना काढलेले ऑइल एका स्वच्छ पांढऱ्या डब्यात गाळून पाहावे. फिल्टरच्या कागदात चकाकणारे अगदी बारीक कण दिसणे नव्या रिंगांच्या बाबतीत स्वाभाविक आहे, पण नखाला टोचतील असे तुकडे दिसले तर गाडी तेथेच थांबवून बेअरिंग तपासावे. त्याच दिवशी कॉम्प्रेशन पुन्हा मोजून चारही आकडे तारीख आणि किलोमीटरसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत, म्हणजे दोन-तीन वर्षांनी कोणी पुन्हा “इंजिन गेले” म्हणाले, तर त्या दिवशीचे आकडे ताडून पाहायला हाताशी असतील.